तिरपे अंतर, सरळ हिशेब

शिकारीवर मी लेख लिहावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. उभ्या आयुष्यात झुरळापलीकडे मी काही मारलेले नाही, आणि मारायची हौस असती तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती कधीच फेडून टाकली असती. पण अमेरिकेतली गोष्ट निराळी आहे. तिथे हरणाची शिकार हा परवान्याचा, ठरावीक हंगामाचा आणि राजरोस व्यवहार आहे. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने यंदा धनुष्यबाणाच्या शिकारीचा परवाना काढला आणि फोनवर विचारले, ‘मामा, तू जन्मभर आकडे तपासलेस. मला सांग, कोनाचा हिशेब करणारा रेंजफाइंडर घेऊ की साधा?’ मी दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो. निघाले ते असे, की प्रश्न खरेदीचा वाटतो, पण आहे सदसद्विवेकाचा.

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजणारी, मुठीत मावणारी दुर्बीण. बटण दाबले की डोळ्यांना न दिसणारा लेसरचा झोत जातो, हरणावर आपटून परत येतो, आणि त्या येण्याजाण्याला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर सांगते. वीस वारांवर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे ऐंशी लाखावा भाग लागतो; तो हे चिमुकले यंत्र मोजते! (अमेरिकन शिकारी अजून वारातच मोजतात. आपल्याकडे वार उरला तो नऊवारीपुरता.) धनुर्धाऱ्याला अंतर कळणे अगत्याचे, कारण बाण गोळीसारखा सपाट जात नाही, लवकर खाली येतो. म्हणून आधुनिक धनुष्यावर नेम धरायला एकाखाली एक पिना असतात, वीस वारांची, तीस वारांची, चाळीस वारांची. अंतर चुकले की पिन चुकली.

आता तिढा इथे आहे. शिकारी मचाणावर किंवा डोंगराच्या अंगावर असतो आणि हरीण खाली. लेसर मोजतो ते डोळ्यापासून हरणापर्यंतचे तिरपे अंतर. बाणाची पडझड मात्र ठरते ती जमिनीलगतच्या आडव्या अंतरावर. शाळेतल्या काटकोन त्रिकोणात कर्ण हा पायापेक्षा मोठाच, तेव्हा तिरप्या आकड्याप्रमाणे पिन निवडली की बाण वरून जातो. खाली मारताना वरून जातो हे लोकांना पटते, चढावर मारतानाही वरूनच जातो हे पटत नाही. पण गणित दोन्हीकडे एकच आहे. अर्जुनाचा मासा तर थेट डोक्यावर होता. तिथे कर्ण कितीही असला तरी पाया शून्य, आणि या नव्या यंत्राने त्याला ‘अंतर शून्य’ असेच सांगितले असते. महाराज गोंधळले असते. ‘अँगल कॉम्पेन्सेशन’ म्हणतात ते एवढेच: आत बसवलेला कोनमापक कल मोजतो आणि कर्णाचा पाया करून दाखवतो. कुणी त्याला एआरसी म्हणते, कुणी टीबीआर. नावे कंपन्यांची, त्रिकोण तोच.

पण त्याची गरज कुठे आणि किती? जाहिरातींतला शिकारी बहुधा झाडावर बसलेला असतो. सपाट रानात वीस फुटांवर मचाण आणि वीस वारांवर हरीण असे धरा. तिरपे अंतर येते एकवीस वार. फरक एका वाराचा! हरीण दहा वारांवर आले तर तिरपे बारा, म्हणजे दोन वारांचा फरक, आणि दोन्हींना तीच वरची पिन. म्हणजे जिथे हे यंत्र सर्वांत जास्त खपते तिथे त्याच्या या गुणाचे काम सर्वांत कमी. शिवाय मचाणावर फुकटची युक्ती आहे. हरीण ज्या झाडाजवळून जाईल असे वाटते, त्या झाडाच्या बुंध्यावर पायथ्याशी न मोजता आपल्या डोळ्याच्या उंचीवर मोजायचे. आडवे अंतर आपोआप हातात येते, साध्यातल्या साध्या यंत्रावरही. हे मोजमाप हरीण येण्यापूर्वी उरकून ठेवायचे, कारण ते जवळ आल्यावर दुर्बीण डोळ्याला लावण्याची हालचाल त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कोलोरॅडोच्या डोंगरात मात्र हिशेब फिरतो. पस्तीस अंशांच्या उतारावर यंत्राने पंचेचाळीस वार दाखवले, तर आडवे अंतर सदतीसच्या आसपास असते. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण पंचेचाळिसाच्या पिनेने सोडला तर तो निदान साडेसहा इंच वर लागेल. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जागा असते जेमतेम वीतभर. आपण तिच्या मध्यावर नेम धरतो, म्हणजे साडेचार इंच इकडेतिकडे झाले तरी चालते, साडेसहा चालत नाही. बाण एक तर पाठीवरून निघून जातो, नाहीतर पाठीच्या मांसात घुसतो आणि जनावर तो घेऊन पळते. बाणाने मरण येते ते रक्तस्रावाने. नीट लागला तर काही क्षणांत, वाईट लागला तर तासांत, दिवसांत, कधी येतच नाही. ज्याला डोंगरात जायचे आहे त्याने कोनाचा हिशेब करणारेच यंत्र घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शे-दीडशे डॉलर वाचवून ते दुखणे त्या मुक्या जिवाच्या माथी मारायचे कारण नाही.

माझी तक्रार पुढची आहे. या यंत्रांच्या खोक्यावर ठळक आकडा असतो तो हजार वारांचा, त्याहून जास्तीचा. धनुर्धाऱ्याला तो काय करायचा? पण मोठा आकडा माणसाला चढतो. बँकेत आमच्या टेबलावर कॅल्क्युलेटर आले तेव्हा व्याज पैशापर्यंत बिनचूक निघू लागले, आणि त्या बिनचूकपणाच्या भरात कर्जाचा अर्जही बिनचूक असल्यासारखा वाटू लागला. कर्जदाराची विहीर बघायला जायचे कष्ट काही कॅल्क्युलेटरने वाचवले नव्हते. तसेच इथे. साठ वार हा आकडा अचूक कळला म्हणजे साठ वारांवर बाण सोडावा, असे त्यात कुठे म्हटले आहे? साठ वार जायला बाणाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. बिचकलेले हरीण झेप घ्यायला आधी खाली दबते, आणि उरलेल्या वेळात वीतभर जागा सहज हलते. या दबण्याचा हिशेब कुठल्याही यंत्रात नाही. अंदाजाने मारणाऱ्या जुन्या शिकाऱ्याला निदान आपल्या अंदाजाची भीती होती, म्हणून तो जवळ येऊ देत असे. आकड्याने ती भीती घालवली, हे मला नफ्याच्या बाजूला मांडता येत नाही.

म्हणून भाच्याला लिहिले ते असे. आधी स्वतःची हद्द ठरव: घरामागच्या सरावात ज्या अंतरावर दहापैकी दहा बाण वितीत बसतात ते अंतर, आणि त्यातूनही थोडे वजा कर. मग यंत्र बघ. पाच-सात वारांपासून शंभरापर्यंत झटकन आणि खात्रीने मोजणारे पुरे. आडवे अंतर मोठ्या अक्षरांत आणि एकटेच दाखवणारे हवे. बाणाचा वेग, वजन भरून घेणारी महाग यंत्रे आहेत, पण तीस-चाळीस वारांवर त्यांचा आणि साध्या त्रिकोणाचा फरक नगण्य असतो. पुढची फांदी सोडून मागचे जनावर मोजण्याची सोय असली तर उत्तम, नाहीतर पानाचे अंतर हरणाच्या नावावर जमा होते. एका हाताने चालले पाहिजे. धनुष्यावरच बसवायची इलेक्ट्रॉनिक यंत्रे निघाली आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. आयडाहोसारख्या राज्यांत धनुष्यावर त्यांना मनाई आहे, आणि ती मला योग्य वाटते. आणि खाली मारताना कमरेत वाक, नुसता हात खाली नेऊ नकोस. हात नेला की दोरीची ओढ बदलते, मग कोनाचा सगळा हिशेब पाण्यात.

राहिली एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. हरणे हलतात ती फटफटताना आणि दिवेलागणीला, आणि नेमके तेव्हाच काही यंत्रांतले काळे आकडे काळ्या झाडोऱ्यात दिसेनासे होतात. लाल प्रकाशाचे आकडे दिसतात, पण ते फार भगभगीत असले तर डोळा दिपून मागचे जनावरच हरवते, तेव्हा उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळीच यंत्रे चांगली असतात. संध्याकाळी जा, यंत्र बाहेर घेऊन जाऊ देतात का विचार, आणि समोरच्या एखाद्या काळपट बुंध्यावर लावून बघ.