'दादा' कोणी पळवला?

वाचकहो, मी मॅट्रिक झालेला मास्तर. जपानी मला येत नाही. पण कान शाबूत आहेत! मुलीबरोबर जपानी मालिका पाहतो. पडद्यावरची धाकटी बहीण 'ओनीचान' म्हणजे 'दादा' अशी हाक मारते, आणि पगारी भाषांतरकाराच्या इंग्रजी ओळीत पुष्कळदा दादाचे नुसते नाव उमटते! हौशी मंडळी मात्र 'ओनीचान' तसेच ठेवतात, वर टीपही देतात. त्यांच्या चुका होतात, परवानगीही नसते. ते मी झाकत नाही. दोनच ओळी, ओळीला साधारण 42 अक्षरे, ही धंद्याची अडचणही मान्य. पण नाते सांगायला अशी किती जागा लागते? थोरल्याला नावाने हाक मारली की जिथे आई डोळे वटारते, त्या घरात असले भाषांतर 'शुद्ध' म्हणून खपवू नका!