‘मिटवून टाका’ म्हणजे इन्साफ नव्हे

‘जाऊ द्या, मिटवून टाका.’ पोलिस ठाण्यात, ग्रामपंचायतीत किंवा जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर हे वाक्य कधीच ऐकलं नाही, असा माणूस आमच्या वर्धा जिल्ह्यात सापडणं कठीण. पण ते सांगितलं कोणाला जातं, हे जरा बघा. ज्याने मारलं त्याला नाही, ज्याला मार बसला त्याला. ज्याने घेतलं त्याला नाही, ज्याचं गेलं त्याला. माझं भांडण या वाक्याशी आहे.

गुन्ह्याकडे बघण्याची एक वेगळी रीत गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरली आहे. गुन्हा म्हणजे आधी माणसाचं नुकसान, कायद्याचा भंग नंतर, असं ती मानते. म्हणून कोणतं कलम लागतं याच्या आधी ती विचारते, इजा कोणाला झाली, त्याला आता काय हवं आहे आणि ते भरून देणं कोणावर बंधनकारक आहे? 1974 साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. कोर्टाने त्यांना त्या प्रत्येक घरी पाठवलं. नुकसान कितीचं झालं हे त्यांनी समोर उभं राहून ऐकलं आणि नंतर भरपाई दिली. ‘पोरं आहेत, सोडून द्या’ म्हणून विषय संपवला नाही.

आपल्याला यासाठी कॅनडाला जायची गरज नाही. मोहनदास गांधी 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले, ते दादा अब्दुल्ला या मुस्लिम व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी. प्रतिवादी तय्यब शेठ हेही मुस्लिम आणि अब्दुल्लांचे नातेवाईकच. दोघेही खटल्यात पिळून निघतील हे ओळखून गांधींनी त्यांना लवादाला राजी केलं. निकाल अब्दुल्लांच्या बाजूने लागला. सुमारे 37,000 पौंड आणि वर खर्च! एवढी रक्कम एकदम मागितली तर तय्यब शेठ दिवाळखोर होणार. मग गांधींनी अब्दुल्लांना दीर्घ मुदतीच्या हप्त्यांसाठी तयार केलं. यात रक्कम कमी झाली नाही, देणं कोणी नाकारलं नाही. सवलत मिळाली ती फक्त मुदतीची, तीही ज्याचं येणं होतं त्याच्या संमतीने. समेट याला म्हणतात.

पुढे 1936 मध्ये गांधी सेवाग्रामला राहायला आले. त्यांचंच नाव देऊन 15 ऑगस्ट 2007 रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडायची, तंट्यांची नोंद करायची, सामोपचाराने मिटवायचे, मग गावाचं मूल्यमापन आणि लाखांचं बक्षीस. हेतू चांगलाच होता. धुऱ्याच्या वादात दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अनेक ठिकाणी समित्यांनी खरोखर चांगलं काम केलं. पण मोहिमेला बक्षीस जोडलं की ‘किती मिटले’ याला किंमत येते आणि ‘कसे मिटले’ हे विचारणारा माणूस गावाच्या आड येणारा ठरतो. कमजोर माणूस मग दोन बाजूंनी दबतो. समोर दांडगा शेजारी आणि मागे बक्षिसाची वाट बघणारं गाव.

हा दबाव गावापुरता नाही. तालुक्याच्या एका बाजारात काही पोरांनी भांडणाच्या भरात एका फळवाल्याची हातगाडी उलटी केली. दोन मोहल्ल्यांत तणाव वाढला. दोन्हीकडची प्रतिष्ठित मंडळी बसली, चहा झाला, भाईचाऱ्यावर भाषणं झाली, हातात हात घेऊन फोटो निघाला. त्या बैठकीत मीही होतो. फळवाल्याला बोलावलंच नव्हतं. त्याचा माल कितीचा होता, कर्ज कोणाचं होतं, उद्या तो धंदा कशावर लावणार, हा विषय निघाला तेव्हा उत्तर आलं, ‘आता जुनं उकरू नका.’ जुनं म्हणजे परवाचं!

आता आपल्या घरात बघू. इस्लाममध्ये सुलहेला मोठं स्थान आहे, म्हणून आमचे जमातीचे बुजुर्ग तिचा हवाला देतात. पण हवाला अर्धाच देतात. सूरह हुजुरातमध्ये समेटाची आज्ञा आहे, ती अदलच्या, म्हणजे न्यायाच्या अटीसह. हुकूक-उल-इबादचा धडा तर मदरशातलं लहान मूलही सांगेल. बंद्याचा हक मारला असेल तर माफी त्या बंद्याकडूनच घ्यावी लागते. तिथे नुसती तौबा पुरत नाही. मग दुसऱ्याच्या वतीने परस्पर माफी देऊन टाकणारे जमातीचे सदर कोण?

नवरा-बायकोच्या वादात सूरह निसा एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा सांगते. प्रत्यक्षात बैठकीत सात पुरुष बसतात, सातही त्याचे ओळखीचे. ती पडद्यामागे, किंवा येतच नाही. मारहाणीची गोष्ट निघाली की तिला सब्र शिकवतात. त्याला काय शिकवतात? जिथे एकाच्या हातात पैसा, घर आणि दहशत आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसवणं हाच दुसरा मार असतो. तिथे आधी तिची सुरक्षितता आणि कायदा. बोलणी करायची की नाही, हे तिने ठरवायचं.

काही जण म्हणतील, कोर्टात काय मिळतं? तारीख! खरं आहे. पण कोर्ट मंद आहे म्हणून पंच आपोआप न्यायी होत नाहीत. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावाच्या संकुचितपणावर कठोर टीका केली होती, ती विसरून चालणार नाही. गाव एकमताने बोलतं तेव्हा त्या एकमतात वस्तीच्या टोकाला राहणाऱ्याचा आवाज असतोच असं नाही. दलिताचा नसतो, बाईचा नसतो, अनेकदा आपलाही नसतो. म्हणूनच कायद्याने तडजोडीला चौकट घातली आहे. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात आणि ते कोणाच्या संमतीने, याची यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. गंभीर गुन्हे त्या यादीबाहेर आहेत. ते मिटवण्याचा अधिकार ना जमातीला, ना समितीला.

मी बैठकींच्या विरोधात नाही. बैठक व्हावी, पण तिची रीत बदलावी. ज्याचं नुकसान झालं तो आधी बोलेल आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत कोणी ‘मोठ्या मनाने’ म्हणणार नाही. ज्याने केलं तो ‘चूक झाली असेल तर’ न म्हणता, काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगेल. भरपाई किती, कधी आणि कशी, हे कागदावर येईल. तीन महिन्यांनी पुन्हा बसून ती मिळाली का ते तपासलं जाईल. बायका पंच म्हणून बसतील. आणि मान्य नसेल त्याला ठाण्यात किंवा कोर्टात जाण्यापासून कोणी अडवणार नाही, त्याला गद्दार म्हणणार नाही.

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठल्याही एका जमातीने एवढं लिहून मशिदीच्या फलकावर लावावं. माफी मागायला कोणाला पाठवायचं, हे मग वेगळं विचारावं लागणार नाही. आणि त्या फळवाल्याच्या मालाचे पैसे अजून बाकी आहेत.