सीमेवरच्या गाडीला दोनदा कर कशाला?

धर्माबादच्या मोंढ्यात माझी मिरचीची अडत आहे. दुकानापुढे सकाळी टेम्पो लागतात, त्यातल्या काहींवर एमएच २६ असतं, काहींवर तेलंगणाचं टीजी १६. आम्हाला निजामाबाद नांदेडपेक्षा जवळ. बासरच्या सरस्वतीला आम्ही दुचाकीवर जातो. १९५६पर्यंत ही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती आणि रोटी-बेटीचा व्यवहार आजही चालू आहे. गाडीच्या कागदांना मात्र ही सोयरीक मान्य नाही.

नोंदणीची फी देशभर एकच आहे. केंद्राच्या नियमानुसार दुचाकीला ३०० रुपये, खासगी कारला ६०० रुपये. खरा फरक रोड टॅक्समध्ये पडतो. आठ लाखांच्या पेट्रोल कारला महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये लागतात. तेलंगणाच्या २०२२च्या दराने १४ टक्के, म्हणजे १ लाख १२ हजार. पंधरा लाखांच्या गाडीला इकडे १ लाख ८० हजार, तर तिकडे १७ टक्क्यांनी २ लाख ५५ हजार.

माझ्या भाच्याला निजामाबादला नोकरी लागली. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणायची, तिकडचा कर भरायचा, नवी नंबर प्लेट बसवायची आणि मग इकडच्या उरलेल्या कराचा परतावा मागत बसायचं. एकरकमी भरलेला कर अडकतो आणि दुसरा खिशातून जातो. भाच्याने कार घरीच ठेवली. तो रेल्वेने जातो.

रस्ते राज्य बांधतं, त्यामुळे कर घेण्याचा राज्याचा हक्क मला मान्य आहे. एकाच काळाचे पैसे दोन्हीकडे अडकावेत, हे मात्र मान्य नाही. यावर तोड आहे. २०२१पासून भारत मालिकेचा, म्हणजे बीएच नंबर मिळतो आणि त्याचा कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पण तो सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाच. धर्माबाद, बिलोली, देगलूरचा शेतकरी, अडत्या, छोट्या दुकानातला नोकर त्यात बसत नाही. राज्याची हद्द आम्ही रोज ओलांडतो आणि सवलत मात्र बदलीच्या नोकरीवाल्यांना.

वाहनावरचा कर हा राज्यांचा विषय आहे, पण त्या कराची तत्त्वं ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या समवर्ती सूचीने संसदेलाही दिला आहे. संसदेने तो वापरावा. सीमेवरच्या तालुक्यांना बीएच नंबर खुला करावा. गाडी राज्य बदलेल तेव्हा उरलेल्या वर्षांचा कर एका सरकारने दुसऱ्याकडे परस्पर वळता करावा. गाड्यांची नोंद आता संगणकावर आहेच; मालकाला दोन राज्यांत खेटे घालायला लावण्याचं कारण उरलेलं नाही. नांदेड जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न मुंबईत आणि दिल्लीत मांडावा, एवढी आम्हा सीमेवरच्या लोकांची मागणी आहे.