काडी कोणी दिली?

सुगी उरकून खळ्याशेजारीं कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या, कीं बांधावरचीं जुनीं वैरें पुन्हां डोकें वर काढितात. एखाद्या रात्रीं गंज पेटते, वर्षाची वैरण राख होते, आणि मागाहून जो तो म्हणतो, "आम्हीं कांहीं काडी ओढली नाहीं." एवढ्यानें आपण सुटलों असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत घर बुडविणारी आहे; म्हणून तिच्याविषयीं लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

सन १८६० च्या दंडविधानांत याविषयीं जें तत्त्व होतें, तेंच ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें कायम ठेविलें आहे. कलम ४५ अन्वयें चिथावणी देणें, कटांत सामील होऊन त्याप्रमाणें कांहीं घडविणें, आणि जाणूनबुजून मदत करणें, हे अपप्रेरणेचे तीन प्रकार होत. त्यामुळें गुन्हा घडला, व तिच्याकरितां कायद्यांत निराळी शिक्षा सांगितलेली नसली, तर कलम ४९ प्रमाणें मूळ गुन्ह्याचीच शिक्षा अपप्रेरकासही आहे. आग लावून शेतमालाची नासधूस करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. म्हणजे रॉकेल पुरविणारा व वाटेवर पहारा करणारा यांच्यावरही तीच टांगती तलवार आहे. लहान मुलाच्या हातीं काडी देऊन पाठविणाऱ्याचीही सुटका नाहीं. सात वर्षांखालील मूल गुन्हेगार ठरत नसलें, तरी त्यास पाठविणारा ठरतो.

मात्र भल्या शेजाऱ्यानें भिण्याचें कारण नाहीं. उसनवारीवांचून शेती चालत नाहीं. विळा किंवा गाडी मागणाऱ्याच्या मनांतील पाप ज्यास ठाऊक नव्हतें, तो दोषी नव्हे. नुसतें जागेवर हजर असणें हीही अपप्रेरणा नव्हे. कायदा हाताबरोबर मनही पाहतो, आणि हें आम्हांस सर्वथैव न्याय्य वाटतें.

आमची तक्रार कायद्याविषयीं नाहीं, गांवाविषयीं आहे. पुष्कळदां धनी सांगतो, गडी करितो. गडी तुरुंगांत जातो, धनी पारावर बसतो. सांगणारा कोण, हें साऱ्या गांवास ठाऊक असतें. पण साक्षीस कोणी उभा राहत नाहीं, आणि पुराव्यावांचून कोर्टाचे हात बांधलेले राहतात. जें स्वतःच्या हातानें करण्यास आपण धजत नाहीं, तें मजुरीवर पोट असणाऱ्याकडून करविणें, यांत दुप्पट नीचपणा आहे. गुन्ह्याची शिक्षा गरिबानें एकट्यानेंच कां भोगावी?

आमच्या शेतकरी बंधूंस इतकेंच सांगणें आहे: अपरात्रीं कोणी काडी किंवा रॉकेल मागावयास आला, तर प्रथम कारण विचारा. तें सरळ नसेल, तर रिकाम्या हातानें परत पाठवा, आणि ज्याची गंज आहे त्यास वेळींच सावध करा. धन्याच्या सांगण्यावरूनही असलें काम गड्यानें पत्करूं नये. तसा हुकूम त्यास कोर्टांत वांचविणार नाहीं.