तेलाच्या बाटलीत रक्त नसतं

खोबरेल तेलावर माझा राग नाही. लहानपणापासून डोक्याला तेच लावतोय. राग आहे तो त्याच्या नावावर चाललेल्या बाजारावर, आणि त्या बाजाराला माना डोलावणाऱ्या आपल्या घरांवर. माझं घरही त्यात आलं.

माझी धाकटी बहीण चोवीस वर्षांची आहे. भिवंडीत मानकोलीच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगला जाते. लोकांनी ऑनलाइन मागवलेले शाम्पू, सीरम, तेलं तिच्या हातून बॉक्समध्ये जातात. दिवसभर उभं राहायचं, मध्ये चहा-बिस्किट. गेल्या वर्षी तिचे केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीवर, सगळीकडे केस. तिनं फोनवर एकदा ‘केसगळती’ शोधलं आणि मग फीडनं तिचा पिच्छाच सोडला नाही. व्हर्जिन, कोल्ड-प्रेस्ड, कांदा घातलेलं, रोजमेरी घातलेलं. ‘दादा, सेल आहे तोवर दोन घेऊन ठेवू?’ मी पैसे पाठवले. सहा महिन्यांत पाच बाटल्या, साडेतीन हजार रुपये.

मग एक दिवस ती कामावर चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन निघालं ७.४. बाईचं निदान १२ तरी हवं. डॉक्टरांनी विचारलं, पाळी किती दिवस चालते? ती म्हणाली, आठ-नऊ दिवस. दोन वर्षांपासून. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या वेणीवर आई, आत्या, शेजारच्या काकू आणि मी, सगळे बोलत होतो. पाळीबद्दल एकानंही विचारलं नव्हतं.

आता तेलाचं खरं काय ते बघू. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून तपासलं. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रोटीन झिजतं. ही झीज फक्त खोबरेल तेलानं कमी झाली. खोबरेल तेलातला जवळपास निम्मा भाग लॉरिक ॲसिड असतो, त्याचा रेणू छोटा आणि सरळ असल्यानं तो केसाच्या आत शिरतो. हे दोघंही पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिकोच्याच संशोधन विभागातले, हेही लक्षात ठेवा. पण तेल विकणाऱ्या कंपनीच्या माणसांनीही दाखवलं ते एवढंच: असलेला केस कमी झिजतो. नवा केस उगवतो असं त्यांच्या प्रयोगात कुठेही नाही.

कारण डोक्याबाहेर दिसणारा केस मेलेला असतो. जिवंत असतं ते त्याचं मूळ, आणि मुळाला अन्न पोचवतं रक्त. रक्तात लोह कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, बाळंतपण झालं, जोराचा ताप येऊन गेला, की केस गळू शकतात. तेल यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

मग रीलमधल्या त्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंचं काय? तापानंतरची केसगळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात तुम्ही तेल लावा, दही लावा, नाहीतर नुसता जप करा, ‘नंतर’चा फोटो चांगलाच येणार. आमच्या ऑफिसात कुणी ‘मी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि बग गेला’ म्हणालं तर त्याला लॉग दाखवायला लावतात. रीलवाल्याकडे लॉग कुणी मागत नाही.

‘आमच्या आजीचे केस कंबरेपर्यंत होते’ हे दुसरं हत्यार. असतील. पण आजीच्या वर्गातल्या सगळ्या मुलींचे केस कुणी मोजले होते? लांब केसांच्या आजीची गोष्ट पुढे येते, बाकीच्यांची येत नाही.

खाण्याचंही तेच. सकाळी कॉफीत दोन चमचे घाला, वजन उतरतं म्हणे. या तेलात ऐंशी टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात सोळा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला: शेंगदाणा-सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलानं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे १० मिलिग्रॅमनं वाढतं. माशाच्या कालवणात ओलं खोबरं घालणं वेगळं आणि औषध म्हणून तेल पिणं वेगळं.

गंमत म्हणजे बाटली स्वतः काही वचन देत नाही. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शुद्ध खोबरेल तेलाची छोटी बाटलीसुद्धा खाद्यतेलच, जोवर ती केसांचं तेल म्हणून लेबल लावून विकली जात नाही. भांडण कराचं होतं: तेव्हा खाद्यतेलाला जीएसटी ५ टक्के, केसांच्या तेलाला १८. म्हणजे कर भरताना ते खाण्याचं, आणि रीलमध्ये मात्र केस उगवण्याचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त. या बायकांना आपण सौंदर्याचं गिऱ्हाईक बनवलंय. ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ अशी पट्टी दाखवणारा कोड माझ्यासारखीच मुलं लिहितात. त्या पट्टीत तेलाखाली दुसरं तेल येतं. ‘आधी रक्त तपासा’ असं कधीच येत नाही, कारण त्यावर कमिशन नाही.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. रांग असते, सुट्टी काढावी लागते, गोदामात तेवढा पगार कापतात. म्हणूनच बाटली सोपी वाटते. पण साडेतीन हजारांत बहिणीचे किती खाडे भरून निघाले असते, हा हिशोब मी फार उशिरा केला.

आता ती लोहाच्या गोळ्या घेते. पाळीसाठी वेगळे उपचार चालू आहेत. हिमोग्लोबिन दहाच्या वर आलंय. रविवारी आई तिच्या डोक्याला तेल लावते, साधं, किराणा दुकानातलं. लावावंच. तुमच्या घरीही लावा. फक्त तेल लावता लावता तिला विचारा, दम लागतो का, चक्कर येते का, पाळी किती दिवस चालते. भावांनो, तुम्हीही विचारा.