छप्पर उरले, धूर गेला

स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या भट्टीचे चित्र पाहिले, की प्रथम डोळ्यांत भरते ते पॅगोड्यासारखे छप्पर. दारूविषयी घरोघरी मतभेद असतात, असावेतही. मला बोलायचे आहे ते या छपराविषयी.

नाचणीचे सत्त्व करताना आपण धान्य भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. तिथे बार्लीचे हेच करतात. फक्त उन्हाचा भरवसा नाही. म्हणून मोड आलेले धान्य जाळीदार मजल्यावर पसरून खाली पीट, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींचे जळण, पेटवीत. धूर नीट ओढला जावा म्हणून एल्गिनचे वास्तुविशारद चार्ल्स डॉइग यांनी १८८९ मध्ये डॅल्यूअन येथे हे छप्पर प्रथम उभारले. नक्षी कसली, ते उत्तम धुराडे होते! ते मूळ छप्पर १९१७ च्या आगीत गेले. त्याच्या नकला राहिल्या.

पुढे मोड आणण्याचे काम मोठ्या कारखान्यांकडे गेले. आता बहुतेक छपरांतून धूर निघत नाही. डॉइग यांनीच आखलेली डॅलस डू ही भट्टी १९८३ मध्ये बंद पडल्यावर सरकारने जतन केली, हे स्तुत्यच. पण छपराचे कौतुक करताना त्याखालचे कष्ट विसरले जातात, हे मला खटकते. लाकडी फावड्याने धान्य परतून परतून मजुरांचा खांदा दुखे. त्या दुखण्याला ते ‘माकडखांदा’ म्हणत. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँकमध्ये ते धान्य आजही माणसेच परततात.