काम ‘देणारा’ कोण आणि ‘घेणारा’ कोण?

‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा’ हा उपदेश देशातील तरुणांना पदवीदान समारंभापासून उद्योगपतींच्या मेळाव्यांपर्यंत सर्वत्र ऐकवला जातो. मालक म्हणजे दाता आणि कामगार म्हणजे याचक, हे त्यामागील गृहीतक. वरवर पाहता ही केवळ बोलण्याची पद्धत वाटते. वस्तुतः हा भांडवलदारी विचारसरणीचा जुना शब्दच्छल आहे आणि त्याचे सर्वांत ठळक रूप युरोपात, जर्मन भाषेत दिसते.

जर्मनमध्ये मालकाला ‘आर्बाइटगेबर’ म्हणजे काम देणारा आणि कामगाराला ‘आर्बाइटनेमर’ म्हणजे काम घेणारा म्हणतात. मार्क्सच्या निधनानंतर नोव्हेंबर १८८३ मध्ये एंगल्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाच्या तिसऱ्या जर्मन आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. तीत त्याने या जोडशब्दांचा खरपूस समाचार घेतला. जो पैसे मोजून दुसऱ्यांचे श्रम पदरात पाडून घेतो तो ‘देणारा’ आणि ज्याच्याकडून मजुरीच्या बदल्यात श्रम घेतले जातात तो ‘घेणारा’, ही परिभाषा त्याने निरर्थक ठरवली. एखाद्या फ्रेंच अर्थशास्त्र्याने अशी भाषा वापरली तर लोक त्याला वेड्यात काढतील, असेही त्याने बजावले.

या हातचलाखीचे मर्म ‘आर्बाइट’ या शब्दाच्या दुहेरी अर्थात आहे. त्याचा एक अर्थ श्रम, दुसरा अर्थ रोजगार. मराठीतील ‘काम’ शब्दही असाच दुहेरी आहे. कामगार काम ‘करतो’, तेव्हा श्रम अभिप्रेत असतात. त्याला काम ‘मिळते’, तेव्हा नोकरी. या दोन अर्थांची बेमालूम अदलाबदल केली की श्रम देणारा घेणारा ठरतो आणि श्रम घेणारा दाता म्हणून मिरवू लागतो! कामगार महिनाभर आधी राबतो आणि पगार नंतर मिळवतो. म्हणजे उधारी कामगार देतो, मालक नव्हे. मालकाच्या हाती नोकरी ‘देण्याची’ सत्ता येते ती यंत्रे, जमीन आणि कच्चा माल यांवर त्याची मालकी असते म्हणून. त्याच्या औदार्यामुळे नव्हे.

खुद्द शब्दांच्या इतिहासात मात्र दातृत्वाचा मागमूसही नाही. फ्रेंच ‘त्राव्हाय’ आणि स्पॅनिश ‘त्राबाखो’ म्हणजे काम. बहुतेक कोशकार या शब्दांचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘त्रिपालियुम’ या शब्दात, म्हणजे तीन खांबांच्या छळयंत्रात शोधतात. त्याच कुळातील इटालियन ‘त्राव्हालियो’ आजही यातना व प्रसूतिवेदना दर्शवतो, तर इंग्रजीत त्यातूनच प्रवासाचा शब्द ‘ट्रॅव्हल’ निपजला. मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘आर्बाइट’च्या पूर्वरूपाचा अर्थ कष्ट आणि हालअपेष्टा असा होता. रशियन ‘राबोता’ म्हणजे काम, पण ‘राब’ म्हणजे गुलाम. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावरील सक्तीची वेठ. हाब्सबुर्ग साम्राज्यात ती १८४८ च्या क्रांतीनंतरच संपुष्टात आली. कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकाने जगाला दिलेला ‘रोबो’ हा शब्द याच वेठीतून आला.

यावर कोणी म्हणेल, व्युत्पत्ती म्हणजे आजचा अर्थ नव्हे. हे खरेच आहे. शब्दांचे अर्थ बदलतात. परंतु ते आपोआप बदलत नाहीत. छळयंत्राची आठवण वागवणारा ‘त्राव्हाय’ फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी हक्काची घोषणा बनवला. कामाचा हक्क हंगामी सरकारला मान्य करावा लागला आणि राष्ट्रीय कार्यशाळा उघडाव्या लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्या कार्यशाळा मोडण्याचा हुकूम निघाला, कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांचा उठाव तोफांनी चिरडण्यात आला. भांडवलदार वर्गाला काम ‘देणे’ मंजूर होते, काम हक्क म्हणून मागितले जाणे नामंजूर होते!

याच शब्दांवर कब्जा करून फॅसिझमने काय केले, हेही विसरता कामा नये. २ मे १९३३ रोजी नाझींनी जर्मन कामगार संघटनांच्या कचेऱ्या बळकावल्या. २० जानेवारी १९३४ च्या श्रमविषयक कायद्याने मालकाला कारखान्याचा ‘फ्यूरर’ आणि कामगारांना त्याचा अनुयायी परिवार बनवले. परिवारात कसला संप आणि कसली सौदाशक्ती? अखेर ‘आर्बाइट’ मुक्ती देते, हे वाक्य डाखाऊ आणि आउश्वित्झच्या फाटकांवर झळकले.

वर्गसंबंध झाकण्यासाठी शब्द बदलण्याचा उद्योग पुढेही थांबला नाही. फ्रेंच मालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात ‘पात्रोना’ म्हणजे मालकवर्ग हा प्रामाणिक शब्द होता. १९९८ मध्ये तो वगळून संघटनेने ‘उद्योगसंस्थांची चळवळ’ असे नाव धारण केले. समाजवादाचा पाडाव झालेल्या रशियात २००१ च्या श्रमसंहितेने मालकाला ‘राबोतोदातेल’, म्हणजे कामदाता, हे बिरुद बहाल केले. एंगल्सने ज्याची खिल्ली उडवली तोच शब्द लेनिनच्या देशात कायद्याची भाषा बनला!

भारतात या शब्दच्छलाने आणखी एक पायरी गाठली आहे. मोटारसायकलवरून घरोघर जेवण आणि किराणा पोचवणाऱ्या तरुणाला कंपन्या कामगार म्हणतच नाहीत; तो म्हणे ‘पार्टनर’, भागीदार! नफ्यात वाटा नसलेला, भाव ठरवण्याचा अधिकार नसलेला, अपघाताची जोखीम मात्र स्वतःच्या शिरावर घेणारा हा कसला भागीदार? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याच्या कामाची व्याख्या पारंपरिक मालक-कामगार संबंधांच्या बाहेरील काम अशी केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. व्याख्येच्या एका फटक्याने मालकच अदृश्य झाला. मालकच नाही, तर मागणी करायची कोणाकडे?

म्हणूनच शब्दांवरील हा लढा पंडितांचा वाद नव्हे. कारखान्याच्या फाटकावर, सभेत आणि पत्रकात मालकाला मालक आणि कामगाराला कामगारच म्हटले पाहिजे. कामगार काम घेणारा नाही, तो श्रम देणारा आहे, हे ज्याला उमगले तो दात्यासमोर हात पसरत नाही. आपल्या श्रमांचा हिशेब मागतो.